३० सेकंदांत घोडेस्वार: स्ट्रॅटेजी गेममधल्या मध्ययुगीन फौजा कितपत खऱ्या?

मध्ययुगावर बेतलेला नवा स्ट्रॅटेजी गेम आला की त्याच्या जाहिरातीत 'ऐतिहासिकदृष्ट्या अचूक' हे शब्द बहुधा असतातच, आणि गेम हातात पडला की त्याच शब्दांवरून वादही ठरलेला. एकाचं म्हणणं, ढालीवरचं चिन्ह त्या राजाच्या नातवाच्या काळातलं आहे. दुसरा सांगतो, असलं शिरस्त्राण तेव्हा घडवलंच जात नव्हतं. तिसरा तलवारीची मूठ मोठी करून बघत बसतो. ज्यांनी हे खेळ फारसे खेळलेले नाहीत त्यांना हा सगळा काय प्रकार आहे ते कळत नाही. ज्यांनी खेळलेत त्यांनाही निदान एवढं जाणून घ्यायचं असतं, की पडद्यावर दिसणाऱ्या फौजेतलं खरं किती धरायचं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कपडे, ढाली, बुरूज यांत आजचे चांगले गेम बऱ्यापैकी अभ्यास करून केलेले असतात. घोटाळा असतो तो नियमांत. फौजेत कोण येतं, त्याला पैसे कोण देतं, तो खातो काय आणि पळतो कधी, या प्रश्नांची गेमनं दिलेली उत्तरं बघा. चिलखताच्या कड्या मोजणाऱ्यांचं तिकडे सहसा लक्षच जात नाही.

## खेळात फौज तयार होते कशी

स्ट्रॅटेजी गेममध्ये तुम्ही एका राज्याचे धनी असता. नकाशा वरून दिसतो, माणसं कामाला लावायची, साधनसामग्री जमवायची आणि शत्रूवर चाल करून जायचं. लढणाऱ्या माणसाला किंवा माणसांच्या तुकडीला 'युनिट' म्हणतात.

१९९९ साली आलेला आणि अजूनही जोरात खेळला जाणारा 'एज ऑफ एम्पायर्स २' घ्या. त्यात नाइट, म्हणजे चिलखती घोडेस्वार, ६० अन्न आणि ७५ सोनं या किमतीला मिळतो. खेळातल्या घड्याळाप्रमाणे ३० सेकंद थांबायचं, की तबेल्याच्या दारातून घोडा, खोगीर, चिलखत, तलवार आणि आत बसलेला स्वार असा पूर्ण संच बाहेर पडतो. त्यानंतर तो मरेपर्यंत तुमचा. त्याला पगार नाही, घोड्याला वैरण नाही. नकाशाच्या एका कोपऱ्यात तासभर उभा केला तरी कुरकुर नाही.

हे चार शब्दांत सांगायचं तर सैन्य म्हणजे विकत घेतलेली वस्तू. खरं मध्ययुगीन सैन्य समजून घ्यायचं असेल तर पहिल्यांदा हीच कल्पना डोक्यातून काढावी लागते.

## मग खऱ्या फौजेत यायचं कोण?

सैन्य म्हटलं की आपल्याला बराकी, गणवेश आणि कायमची नोकरी आठवते. अकराव्या ते चौदाव्या शतकातल्या पश्चिम युरोपात राजाच्या पदरी मोजक्या शिपायांचं घरचं पथक असे, बाकीची फौज मोहिमेपुरती गोळा व्हायची. सिनेमाच्या शूटिंगला जमतात तशी ही माणसं. प्रत्येकाचं काम वेगळं, बरेच जण आपापलं सामान घेऊन येणारे, रोजावर किंवा करारावर बांधलेले, आणि काम संपलं की पांगणारे. निर्मात्याचे पैसे मध्येच संपले तर काय होतं, तेही ओळखीचंच.

माणसं येण्याच्या वाटा साधारण तीन होत्या. पहिली जमिनीची. सरदाराला राजाकडून जमीन मिळाली, त्या बदल्यात त्यानं वर्षातून ठरावीक दिवस शस्त्र घेऊन हजर व्हायचं. ही मुदत अनेक ठिकाणी परंपरेनं ४० दिवसांची होती. एकेचाळिसाव्या दिवशी घरी जायचा त्याला हक्क होता, किंवा पुढच्या दिवसांचे पैसे मागण्याचा. इंग्लंडमध्ये तर स्वतः न येता राजाकडे रक्कम भरायची सोय लवकरच रूढ झाली, आणि राजांनाही ती आवडली, कारण त्या पैशांतून हवे तितके दिवस थांबणारे शिपाई ठेवता येत.

दुसरी वाट बोलावण्याची. गेममध्ये हिला 'लेव्ही' म्हणतात, आणि लेव्ही म्हटलं की पडद्यावर फाटक्या कपड्यांतले, हातात दाताळं घेतलेले शेतकरी दिसतात. १०८६ साली इंग्लंडमध्ये झालेल्या जमीन-पाहणीत बर्कशर परगण्याची एक नोंद आहे, ती या चित्राशी जुळत नाही. राजानं फौज पाठवली तर दर पाच हाइड जमिनीमागे एकच माणूस जाई. हाइड म्हणजे साधारण एका कुटुंबाचं पोट भरेल इतकी जमीन. त्या माणसाच्या दोन महिन्यांच्या खर्चासाठी प्रत्येक हाइडनं ४ शिलिंग द्यायचे, म्हणजे एकूण २०. पाच घरांनी मिळून एकाला सज्ज करून पाठवायचं असा हा हिशेब आहे. गावातले सगळे पुरुष उचलून रणात नेले तर पुढच्या वर्षी कर कुणाकडून घेणार, हे राजालाही कळत होतं.

सरसकट शेतकरी लढायला उभे राहिले असं कधी झालंच नाही का? झालं, आणि त्याचा पुरावा जमिनीतून वर आला आहे. १३६१च्या जुलैमध्ये बाल्टिक समुद्रातल्या गोटलंड बेटावर डेन्मार्कचा राजा चौथा वाल्देमार उतरला. विस्बी शहराच्या तटाबाहेर बेटावरच्या शेतकऱ्यांनी त्याला अडवलं आणि त्यांची कत्तल झाली. विसाव्या शतकात तिथल्या सामूहिक थडग्यांचं उत्खनन झालं, तेव्हा किमान ११८५ माणसांचे अवशेष मिळाले. त्यांत पोरसवदा मुलं होती, म्हातारे होते, जुन्या दुखण्यांनी अधू झालेले होते. कित्येकांच्या पायांच्या हाडांवर खोल घाव आहेत. पण काहींच्या अंगावर चिलखतंही होती, कापडाच्या आत लोखंडी पट्ट्या बसवलेली, त्या काळाच्या मानानं जुन्या घडणीची. तेव्हा खरोखरच्या शेतकरी फौजेतही कुणी केवळ दाताळं घेऊन आलं होतं असं म्हणता येत नाही.

## पगाराची वही

तिसरी वाट पैशांची, आणि गेम सगळ्यात जास्त गाळतात ती हीच. १४१५ साली इंग्लंडचा पाचवा हेन्री फ्रान्सवर निघाला तेव्हा त्यानं सरदारांशी लेखी करार केले. कुणी किती माणसं आणायची, किती काळासाठी, कोणत्या दरानं, सगळं कागदावर. दर दिवसाला ड्यूकला १३ शिलिंग ४ पेन्स, नाइटला २ शिलिंग, त्याखालच्या चिलखती शिपायाला १ शिलिंग, तिरंदाजाला ६ पेन्स, म्हणजे अर्धा शिलिंग. एका चिलखती शिपायामागे तीन तिरंदाज हे नेहमीचं प्रमाण. पहिल्या तिमाहीचा पगार आगाऊ दिला गेला. दुसऱ्या तिमाहीसाठी रोकड नव्हती, म्हणून राजानं आपले जडजवाहीर सरदारांकडे तारण ठेवले. त्याच वर्षी झालेल्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईवर आजवर किती गेम निघाले असतील, पण लढाईआधी राजाचे दागिने गहाण पडतात असा एकही मी खेळलेलो नाही.

पगार आला की हजेरी आली आणि हजेरी आली की लबाडी. इंग्लंडच्या राजाकडे मोहिमेआधी सरदारांच्या घोड्यांची नोंद व्हायची, घोड्याचा रंग आणि किंमत लिहून ठेवायची, कारण घोडा मेला तर भरपाई राजाला द्यावी लागे. दिल्लीत अलाउद्दीन खलजीनं चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला घोड्यांना दाग देण्याची आणि शिपायांचा हुलिया लिहून ठेवण्याची पद्धत कडकपणे राबवली. चांगला घोडा हजेरीला दाखवायचा आणि मोहिमेवर मरतुकडं तट्टू न्यायचं, किंवा आपल्या जागी भलताच माणूस उभा करायचा, हे त्याला थांबवायचं होतं. २०२१ साली आलेल्या 'एज ऑफ एम्पायर्स ४'मध्ये दिल्ली सल्तनत खेळायला मिळते. त्यात हत्ती झकास आहेत. घोड्याला दाग कुठे नाही.

## तलवार कुठे गेली?

आता शस्त्रांकडे. गेममधलं पायदळ पाहिलं तर त्यात तलवारवाल्यांची वेगळी तुकडी हमखास सापडते. दुसऱ्या हेन्रीनं ११८१ साली इंग्लंडमधल्या स्वतंत्र नागरिकांनी घरात कोणती शस्त्रं बाळगायची याचा हुकूम काढला. श्रीमंतानं कड्यांचं चिलखत, शिरस्त्राण, ढाल आणि भाला ठेवायचा. मधल्या ऐपतीच्या माणसानं हलकं चिलखत, लोखंडी टोपी आणि भाला. बाकीच्यांनी कापूस-चिंध्या भरून शिवलेला जाड अंगरखा, लोखंडी टोपी आणि भाला. ही यादी दोन गोष्टी सांगते. एक तर शिपायाची प्रत त्याच्या खिशावर ठरत होती, राजाच्या 'अपग्रेड'वर नाही. आणि या यादीत भाला तिन्ही पायऱ्यांवर आहे, तलवार एकाही नाही. तलवारी होत्याच, पण त्या कमरेला असत, भाला मोडल्यावर किंवा गर्दी अंगाशी आल्यावर उपसायला. नुसत्या तलवारी परजत धावणारी पायदळाची रांग ही बरीचशी खेळांची आणि सिनेमांची करामत.

मग भालेवाले घोडेस्वारांना भारी, घोडेस्वार तिरंदाजांना भारी, तिरंदाज भालेवाल्यांना भारी, हे जे दगड-कागद-कात्रीचं गणित जवळजवळ प्रत्येक गेममध्ये असतं, ते तरी खरं का? अर्धंमुर्धं खरं. १३०२ मध्ये कोर्त्रे इथे फ्लँडर्समधल्या शहरी पायदळानं फ्रान्सच्या नाइटांना लोळवलं. १२९८ मध्ये फॉलकर्कला स्कॉटलंडच्या भालाइतांच्या गच्च गोलांवर इंग्लिश घोडेस्वारांचं काही चाललं नाही. मग तिरंदाजांनी त्या गोलांना भगदाडं पाडली आणि त्यानंतर घोडेस्वार आत घुसले. गणित तंतोतंत लागू पडलेलं दिसतं.

फरक असा, की गेममध्ये ही ताकद भाल्यात भरलेली असते. 'एज ऑफ एम्पायर्स २'मधला एकटा भालाईत मोकळ्या रानातही घोडेस्वाराला जास्तीची इजा करतो, कारण आज्ञावलीत तसं लिहिलंय. खऱ्या मैदानात ती ताकद रांगेत होती. शेजारचा जागचा हलणार नाही यावर माझा विश्वास, माझ्यावर त्याचा, आणि आमच्या मागच्यांचा आम्हा दोघांवर. ती रांग फुटली की भाला म्हणजे अडचणीची लांब काठी. कोर्त्रेचे बरेच लढवय्ये आपापल्या शहराच्या, आपापल्या धंद्याच्या संघाच्या तुकडीतले, एकमेकांना ओळखणारे होते हा योगायोग नव्हे.

खास युनिटांच्या गमती तर विचारूच नका. त्याच गेममध्ये सामुराई पायी तलवार घेऊन फिरतो. मध्ययुगातला सामुराई आधी घोड्यावरचा तिरंदाज होता. ट्युटॉनिक नाइट, म्हणजे एका जर्मन धर्मसंघाचा लढवय्या, पायी, गोगलगाईच्या चालीनं चालतो. प्रत्यक्षात त्या धर्मसंघाचे नाइट घोड्यावरून लढायचे. फ्रँकांचा फेकीची कुऱ्हाड घेतलेला शिपाई साधारण सहाव्या शतकातला, त्याला कित्येक शतकं नंतरच्या नाइटांच्या शेजारी उभं केलंय. आणि मामलुक उंटावर बसून तलवारी फेकतो. एकामागून एक, न संपणाऱ्या. यावर काही म्हणण्यासारखं नाही, मजा येते एवढं खरं.

## तिरंदाज

इंग्लंडचा लांब धनुष्यवाला तिरंदाज हा गेमवाल्यांचा लाडका. १५४५ साली बुडालेल्या 'मेरी रोज' या इंग्लिश जहाजातून शंभराहून अधिक धनुष्यं बाहेर काढली गेली. ती ताणायला बहुतेक १०० ते १८० पौंडांच्या, म्हणजे ४५ ते ८० किलोंच्या दरम्यान जोर लागत असावा असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हे बळ लहानपणापासूनच्या सरावानं येतं. तिसऱ्या एडवर्डनं १३६३ मध्ये हुकूमच काढला, की सुटीच्या दिवशी चेंडूचे वगैरे खेळ सोडा आणि धनुष्यबाण चालवा. तिरंदाज घडायला राजाला एक पिढी थांबावं लागत होतं, म्हणून तर हुकूम.

दुसरी गोष्ट बाणांची. बाणांचा भारा २४चा असे. कसलेला तिरंदाज ठरवलं तर मिनिटाला दहा-बारा बाण सोडू शकतो, म्हणजे दोन-अडीच मिनिटांत भारा रिकामा. मग गाड्यांवरचे भारे पुढे आणून देणारी पोरं हवीत, त्या गाड्या वेळेवर पोचायला हव्यात. 'एज ऑफ एम्पायर्स'मध्ये बाण संपतच नाहीत. 'टोटल वॉर' मालिकेत संपतात, आणि तेवढ्या एका नियमानं तिथल्या लढाईचा रंग पालटतो, कारण केव्हा सोडायचे याचा विचार करावा लागतो.

## पोट

रसद हा विषय मी मुद्दाम इथवर ठेवला, कारण माझ्या दृष्टीनं खऱ्या आणि खेळातल्या फौजेतलं सगळ्यात मोठं अंतर हे आहे. घोड्याला दिवसाला दाणा आणि वैरण मिळून साधारण १० किलो लागतात. हजार घोडे म्हणजे रोजचे १० टन. एका नाइटबरोबर अनेकदा तीन-चार जनावरं असायची. ही वैरण गाडीवर लादायची तर गाडी ओढणारे बैल-घोडेही खाणार. म्हणून फौज चालता चालता भोवतालचा मुलूख खात जाई. त्यामुळेच ती एका जागी फार दिवस थांबू शकत नसे. तिच्या मागे नालबंद, भटारी, व्यापारी, बायका-मुलं असे बाजारबुणगे असत ते वेगळेच. गेममध्ये ही गर्दी दिसत नाही. खऱ्या फौजेतून ती काढली तर फौज चार दिवसांत उपाशी पडेल.

पाण्याचं उदाहरण आणखी बोलकं आहे. ११८७च्या जुलैमध्ये जेरुसलेमचा क्रुसेडर राजा गी सुमारे १२०० नाइट आणि मोठं पायदळ घेऊन सफ्फुरियाच्या झऱ्यांजवळ मुक्काम करून होता. इजिप्त-सीरियाचा सुलतान सलाहुद्दीन यानं तायबेरियस शहराला वेढा घातला. मधलं अंतर २५ किलोमीटरच्या आसपास. गी भर उन्हात निघाला. सलाहुद्दीनच्या घोड्यावरच्या तिरंदाजांनी त्याची चाल इतकी मंदावली, की रात्र पाण्याविना काढावी लागली. सकाळी वाळलेल्या गवताला आगी लावून धुराचे लोट त्यांच्या तोंडावर सोडले गेले. हत्तीनच्या टेकड्यांपाशी ४ जुलैला ती फौज संपली, आणि तीन महिन्यांत जेरुसलेम पडलं. ही लढाई गेममध्ये मांडायची तर बहुतेक गेमांमध्ये गी जिंकेल, कारण त्याच्याकडे भारी चिलखतवाले आहेत आणि युनिटला तहान लागत नाही.

फौज नुसती मरून कमी होत नसे, निघूनही जाई. पहिल्या एडवर्डच्या १३००च्या स्कॉटलंड मोहिमेचे पगाराचे हिशेब शिल्लक आहेत. जुलैत सुमारे ९००० पायदळ पगारावर होतं, ऑगस्टमध्ये ते ५००० वर आलं. मोठी लढाई झालीच नव्हती. माणसं घरी गेली.

## लढाई एक दिवस, वेढा अकरा महिने

खेळात दर पंधरा मिनिटांनी मैदानी लढाई होते. प्रत्यक्षात शहाणा सेनापती ती टाळायचा, कारण एका दुपारी राज्य जाऊ शकतं. १३७०च्या दशकात फ्रान्सच्या पाचव्या चार्ल्सनं मोठी लढाई टाळून, एकेक गढी घेत, इंग्रजांनी जिंकलेला बराच मुलूख परत मिळवला. नेहमीचं युद्ध म्हणजे शेतं जाळणं, गुरं पळवणं आणि वेढे.

तिसऱ्या एडवर्डनं क्रेसीची प्रसिद्ध लढाई २६ ऑगस्ट १३४६ला जिंकली. ती एका संध्याकाळची गोष्ट. त्यानंतर तो कॅलेला वेढा घालून बसला तो ऑगस्ट १३४७ पर्यंत, अकरा महिने. तटाबाहेर त्यानं लाकडी घरांचं एक नवं गावच वसवलं, त्यात बाजार भरायचा. शहर शेवटी उपासमारीनं शरण आलं.

'एज ऑफ एम्पायर्स २'मध्ये शिपाई तलवारीनं दगडी किल्ल्याला ठोकत राहतात आणि थोड्या वेळानं किल्ला पेट घेतो. दगड फेकणारं ट्रेबुशे हे मोठं यंत्र तिथे स्वतःच घडी घालून चालू लागतं. १३०४ मध्ये स्टर्लिंगच्या वेढ्यात पहिल्या एडवर्डनं 'वॉरवुल्फ' नावाचं असंच यंत्र बनवून घेतलं. सुतार आणि मजुरांची फौज कित्येक आठवडे राबत होती. ते तयार होता होता किल्ल्यातले लोक शरण यायला निघाले. राजानं शरणागती घेतलीच नाही. एवढा खर्च केलाय तर आधी एकदा चालवून बघू, म्हणाला. या बाबतीत त्याची वृत्ती अगदी गेम खेळणाऱ्याची होती.

## पळ आणि हुकूम

जुन्या लढायांत फार थोड्या ठिकाणी माणसं शेवटपर्यंत लढली. एका टोकाला कुणीतरी पाठ फिरवतो, ते पाहून शेजारचा, आणि मग पळणाऱ्यांच्या पाठीवर वार होतात. मारले जाणारे बरेचसे या पळापळीत मारले जात. १०६६ मध्ये हेस्टिंग्जला इंग्लंडवर चालून आलेल्या नॉर्मन फौजेत त्यांचा ड्यूक विल्यम मेल्याची आवई उठली आणि डावी बाजू मागे सरू लागली. त्यानं शिरस्त्राण वर करून आपला चेहरा दाखवला. बायोच्या भरतकाम केलेल्या लांबलचक पटावर हा प्रसंग आहे. इंग्लंडचा इतिहास त्या घटकेला एका अफवेवर लटकत होता. 'टोटल वॉर'मध्ये प्रत्येक तुकडीचं मनोधैर्य मोजलं जातं, सेनापती पडला की ते कोसळतं, आणि तुकड्या पळतात. हा त्या मालिकेचा मोठा गुण. 'एज ऑफ एम्पायर्स'मधला शिपाई मात्र एकटा उरला तरी कापला जाईपर्यंत ठोकत राहतो.

उलट हुकुमाच्या बाबतीत सगळेच गेम सारखे खोटे. तुम्ही आकाशातून बघता, माऊस दाबता, आणि दोनशे माणसं एका क्षणात वळतात. खऱ्या सेनापतीला समोरची धूळ दिसे. निशाण, कर्णे आणि घोड्यावरून पाठवलेला निरोप, एवढीच त्याची साधनं. क्रेसीला फ्रान्सच्या राजानं आज थांबू, उद्या लढू असं सांगितल्याचं त्या काळचे बखरकार लिहितात. पुढचे थांबले, मागचे ढकलत राहिले, आणि लढाई आपोआप सुरू झाली.

## "पण हा खेळ आहे, पाठ्यपुस्तक नाही"

हा आक्षेप येणारच, आणि तो रास्त आहे. पडद्यावरच्या २०० माणसांत राज्य बसवायचं तर काहीतरी आटवावंच लागतं. २००६च्या 'मेडिव्हल २: टोटल वॉर'मध्ये १०८० ते १५३० ही ४५० वर्षं २२५ खेळींत बसवली आहेत, म्हणजे एका खेळीला दोन वर्षं. त्या हिशेबानं फौज शेजारच्या शहरात पोचायला काही वर्षं घेते, आणि सेनापतीचं वय मात्र एका खेळीत सहा महिन्यांनीच वाढतं. हे माझ्या मते ठीक आहे. आकार लहान करणं वेगळं आणि कारणं बदलणं वेगळं. नकाशा छोटा केला, वर्षं दाबली, तरी फौजेला पोट आणि पगार आहे एवढं खेळणाऱ्याला कळू शकतं. ते सगळंच काढून टाकलं, की मग राजे ४० दिवसांनी परत का फिरले, जिंकलेला मुलूख सोडून का गेले, हे सगळे मूर्ख होते की काय, असे प्रश्न पडतात.

## "तहान आणि पगार घातले तर मजा काय उरेल?"

या प्रश्नाचं उत्तर काही गेमनी देऊन झालंय. 'क्रुसेडर किंग्ज ३'मध्ये (२०२०) फौज उभी केली की दर महिन्याला तिजोरी गळू लागते. फौजेबरोबरची शिदोरी संपली की माणसं मरू लागतात, वेढे महिनोन्‌महिने चालतात. त्यातली लेव्ही मात्र बिनचेहऱ्याची, स्वस्त, कुचकामी गर्दी आहे. बर्कशरच्या पाच घरांनी पैसे काढून पाठवलेल्या माणसाला हा अन्यायच.

२०२४ साली प्राथमिक स्वरूपात उपलब्ध झालेला, बराचसा एकाच माणसानं रचलेला 'मॅनर लॉर्ड्स' याहून पुढे जातो. तिथे लढायला जातात ती तुमच्याच गावातल्या घरांतली माणसं. भाले आणि ढाली गावात तयार व्हायला हव्यात. बोलावणं केलं की शेतातलं काम थांबतं, आणि लढाईत जो पडला तो परत नांगराला येत नाही. सरदाराचं घरचं पथक वेगळं, भाडोत्री टोळ्या वेगळ्या. मी हा गेम खेळताना लढाई टाळायचे मार्ग शोधू लागलो, आणि कापणीच्या दिवसांत तर शत्रूला पैसे देऊन वाटेला लावता येईल का तेही पाहिलं. मध्ययुगातल्या लहान जहागीरदारानं यापेक्षा वेगळं काही केलं असतं असं वाटत नाही.

या गेममध्ये एका वेळी मैदानात उतरतात ती फार तर काहीशे माणसं. दहा हजारांच्या फौजेवर हेच नियम लावणारा खेळ मला हवा आहे. त्यात राजाचे दागिने गहाण पडतील, घोड्यांच्या वैरणीसाठी वाट बदलावी लागेल आणि ऑगस्टमध्ये निम्मं पायदळ न सांगता घरी जाईल. माझ्यासोबत खेळणाऱ्यांना विचारलं तर म्हणाले, तू एकटाच घे तो.